बांधकाम-व्यवस्थापकाचे वेतन : वाळूज औद्योगिक क्षेत्राच्या संदर्भात एक विवेचन

औद्योगिक अर्थशास्त्रात मजुरांच्या वेतनाचा जितका विचार झाला आहे, तितका मजुरांवर देखरेख करणाऱ्यांच्या वेतनाचा झालेला नाही. मजुराच्या बाजूला किमान वेतनाचा कायदा आहे, संघटना आहे, न्यायाधिकरण आहे. आणि यांतील प्रत्येकाच्या निमित्ताने आकडे गोळा होतात, वाद झडतात, निर्णय छापले जातात. मालकाच्या नफ्याचा हिशेब ताळेबंदात उमटतो. या दोहोंच्या मध्ये उभा असलेला जो पगारी माणूस, तो मात्र अभ्यासकाच्या दृष्टीतून सहसा निसटतो. बांधकामाच्या धंद्यात तर हे विशेषच घडते. कारखाना चालू झाला म्हणजे त्यात किती हातांना काम मिळाले याची नोंद होते. परंतु तो कारखाना ज्याने उभा करून घेतला, तो माणूस तोवर सामान बांधून दुसऱ्या गावी गेलेला असतो. त्याला काय मिळते आणि ते कशावरून ठरते, हा प्रस्तुत विवेचनाचा विषय आहे.

विवेचनासाठी वाळूजचे क्षेत्र घेण्यास कारण आहे. महाराष्ट्र औद्योगिक विकास अधिनियम १९६१ मध्ये संमत झाला व १९६२ मध्ये त्यान्वये औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना झाली. औरंगाबाद (२०२३ पासून छत्रपती संभाजीनगर) शहरापुरते बोलावयाचे तर रेल्वे स्टेशनलगतची व चिकलठाण्याची वसाहत ही आधीची. शहराच्या पश्चिमेस, नगर रस्त्यावर, गंगापूर तालुक्याच्या हद्दीतील वाळूजची वसाहत त्यानंतरची. १९८५ मध्ये तेथे बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला आणि त्याच्या पाठोपाठ सुटे भाग पुरविणारे लहानमोठे कारखाने आले. कामगारांच्या वस्तीसाठी बजाजनगर वाढले. रांजणगाव शेणपुंजी, पंढरपूर, जोगेश्वरी ही खेडी हां हां म्हणता निमशहरी झाली. सिडकोने ‘वाळूज महानगर’ आखले. एका पिढीच्या अवधीत शेतजमिनीवर शेड, पाण्याच्या टाक्या, अंतर्गत रस्ते व चाळवजा इमारती उभ्या राहिल्या. असे सतत व निरनिराळ्या जातींचे बांधकाम एकाच टापूत चालू असल्यामुळे, सारख्याच शिक्षणाची माणसे निरनिराळ्या धन्यांकडे काय मिळवितात हे येथे शेजारी-शेजारी पाहावयास मिळते.

प्रथम ‘बांधकाम-व्यवस्थापक’ म्हणजे कोण, हे निश्चित केले पाहिजे. कारण व्यवहारात हे एक पद नसून चार पदे आहेत. एखाद्या कारखान्याच्या नव्या शेडचे जोते भरण्याचा दिवस डोळ्यांसमोर आणावा. काँक्रीट ओतले जात असताना तेथे किमान चार जबाबदार माणसे हजर असतात. एक कारखानदाराचा स्वतःचा प्रकल्प-अधिकारी. दुसरा, कारखानदाराने नेमलेल्या सल्लागार संस्थेचा प्रतिनिधी. तो ड्रॉइंगबरहुकूम काम होते की नाही हे पाहतो व मोजमापांवर सही करतो. तिसरा, मुख्य कंत्राटदाराचा प्रकल्प-व्यवस्थापक. खऱ्या अर्थाने काम करवून घेणारा तोच. चौथा, सेंटरिंगचे, सळई बांधण्याचे किंवा काँक्रीटचे काम अंगावर घेतलेल्या उपकंत्राटदाराचा साइट-इन्चार्ज. चौघेही एकाच शासकीय तंत्रनिकेतनातून किंवा १९६० मध्ये स्थापन झालेल्या औरंगाबादच्या शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयातून बाहेर पडलेले असू शकतात. चौघेही तोच खड्डा, तीच सळई आणि तेच ट्रान्झिट मिक्सर पाहत असतात. तरीही महिनाअखेरीस त्यांच्या हाती पडणाऱ्या रकमांत दुपटी-तिपटीचे अंतर असते.

ढोबळमानाने बोलावयाचे तर, खासगी कंत्राटदाराकडे नुकताच लागलेला पदविकाधारक महिना पंधरा ते पंचवीस हजारांच्या घरात असतो. आठदहा वर्षांचा अनुभव असलेला व एखाद्या मध्यम कामाचा पूर्ण भार वाहणारा माणूस पंचेचाळीस ते ऐंशी हजारांपर्यंत जातो. देशव्यापी कंपनीच्या मोठ्या प्रकल्पावरील व्यवस्थापकाचे वेतन मात्र सव्वा लाखाच्या पुढे सुरू होते व अडीच लाखांपर्यंत चढते. हे आकडे क्रम दाखविण्यापुरतेच घ्यावयाचे. त्यांना मोजपट्टी लावण्यासाठी दोन स्थिर मापे उपलब्ध आहेत, आणि दोन्ही बोधप्रद आहेत.

पहिले माप सरकारी वेतनश्रेणीचे. सातव्या वेतन आयोगानुसार राज्य शासनाच्या कनिष्ठ अभियंत्याचे मूळ वेतन ३८,६०० रुपयांपासून सुरू होते. त्यावर १ जानेवारी २०२४ पासूनच्या ५० टक्के दराने महागाई भत्ता धरला तरी ही रक्कम ५७,९०० रुपये होते, आणि घरभाडे भत्ता त्याहून वेगळा. म्हणजे सरकारी सेवेतील नवखा पदविकाधारक जे पहिल्या दिवशी मिळवितो, तेथे पोहोचण्यास खासगी कंत्राटदाराकडील त्याच्या वर्गबंधूला आठ-दहा वर्षे लागतात. कनिष्ठ अभियंत्याच्या थोड्या जागांसाठी होणाऱ्या परीक्षांना हजारोंची गर्दी का लोटते, हे यावरून कळते. त्यास तरुणांच्या आळसाचे लक्षण मानणारे या दोन आकड्यांकडे पाहत नाहीत.

दुसरे माप खालच्या बाजूचे आहे. केंद्र शासनाच्या अखत्यारीतील बांधकामांवर, ‘अ’ वर्गातील क्षेत्रांसाठी, १ ऑक्टोबर २०२४ पासून अकुशल मजुराचे किमान वेतन दिवसाला ७८३ रुपये व कुशल मजुराचे ९५४ रुपये ठरविण्यात आले. सव्वीस दिवसांचा महिना धरता ही रक्कम अनुक्रमे २०,३५८ व २४,८०४ रुपये होते. वाळूजच्या खासगी कामांना हे दर लागू नाहीत हे खरे. परंतु कायद्याच्या दृष्टीने कुशल गवंड्याच्या श्रमाचे मोल काय, याची कल्पना त्यांवरून येते. आणि त्या गवंड्याच्या ओळंब्यावर देखरेख करणारा नवा अभियंता पुष्कळदा त्याच्याहून कमी मिळवितो, ही गोष्ट धंद्यात सर्वांच्या परिचयाची आहे. गवंड्याला काम नसलेल्या दिवशी काही मिळत नाही व अभियंत्याला महिन्याचा पगार मिळतो, एवढाच काय तो फरक.

आता कारणांकडे वळू. ॲडम स्मिथने १७७६ च्या आपल्या ग्रंथात निरनिराळ्या धंद्यांतील वेतनाच्या तफावतीची पाच कारणे दिली आहेत : कामाची सुखदता वा कष्टदायकता, ते शिकण्याची सुलभता वा खर्च, कामाची सातत्यता, कामकऱ्यावर टाकावा लागणारा विश्वास, आणि यशाची शक्यता. बांधकाम-व्यवस्थापकाच्या बाबतीत ही पाचही कारणे लागू पडतात. पण एका विचित्र रीतीने. स्मिथच्या म्हणण्याप्रमाणे उन्हातान्हातले, खंडित व जोखमीचे काम असेल तर त्याची भरपाई अधिक वेतनाने व्हावयास हवी. व्यवस्थापकाचे काम या तिन्ही कसोट्यांस उतरते, आणि तरीही मधल्या व खालच्या पायरीवर ही भरपाई त्याला मिळताना दिसत नाही. याचे उत्तर त्याच्या गुणांत शोधून सापडणार नाही. त्याचा पगार कोणत्या रकमेतून निघतो हे पाहिले पाहिजे.

केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाच्या दर-पृथक्करणात माल, मजुरी व यंत्रे यांच्या खर्चावर कंत्राटदाराचा नफा व वरखर्च मिळून १५ टक्के धरण्याची पद्धत आहे. उदाहरणादाखल दहा कोटी रुपये प्रत्यक्ष खर्चाचे, बारा महिन्यांचे एक काम घ्यावे. १५ टक्क्यांनी दीड कोटी होतात; त्यांतील निम्मा भाग वरखर्चाचा धरला तर पंचाहत्तर लाख, म्हणजे महिन्याला सव्वासहा लाख. या सव्वासहा लाखांतून जागेवरील कचेरी, गुदाम, रखवालदार, वीज, पाणी, गाडी, विमा, बँकेच्या हमीचे शुल्क आणि मुख्य कचेरीचा वाटा भागवावयाचा. निम्मी रक्कम पगारांसाठी उरली असे उदार मनाने मानले तरी ती तीन लाखांच्या थोडी वर जाते, आणि तीत व्यवस्थापक, दोनतीन अभियंते, सुपरवायझर, स्टोअरकीपर व हिशेबनीस अशी सहासात माणसे बसवावयाची असतात. व्यवस्थापक कितीही कर्तबगार असला तरी या चौकटीत त्याला लाखाच्या फार पुढे जाता येत नाही.

आणि ही चौकटही कागदावरची झाली. स्पर्धेत काम मिळविण्यासाठी कंत्राटदार अंदाजपत्रकाहून कमी दराची निविदा भरतो. साडेअकरा कोटींच्या या कामावर तो दहा टक्के खाली उतरला, तर हाती येणारी रक्कम दहा कोटी पस्तीस लाख होते. नफा व वरखर्च मिळून उरतात ते पस्तीस लाख. मालाचा भाव त्याच्या हातात नसतो. मजुरी काही प्रमाणात असते. राहता राहिला पगार. तेव्हा निविदा जितकी खाली, तितका जागेवरचा कर्मचारीवर्ग विरळ व स्वस्त, हा नियमच होऊन बसतो. बांधकामाच्या दर्जाविषयी ज्या तक्रारी पुढे ऐकू येतात, त्यांची सुरुवात पुष्कळदा सिमेंटच्या गोणीत होत नाही. ती एका अभियंत्याऐवजी अर्धा अभियंता नेमण्याच्या या हिशेबात झालेली असते.

याच गणिताची दुसरी बाजू मुदतीची. बारा महिन्यांचे काम पंधरा महिने चालले, तर तेच पंचाहत्तर लाख पंधरा महिन्यांत वाटले जातात; महिन्याचे सव्वासहाचे पाच लाख होतात. शिवाय विलंबदंड असतो. सरकारी कंत्राटांत तो बहुधा कंत्राटाच्या रकमेवर टक्केवारीने आकारतात व त्यास साधारणतः दहा टक्क्यांची कमाल मर्यादा असते. महिन्याला एक टक्का हा दर धरला तर दहा कोटींच्या कामात दोन महिन्यांच्या विलंबाचे वीस लाख होतात. ही रक्कम चांगल्या व्यवस्थापकाच्या दीड-दोन वर्षांच्या पगाराइतकी आहे. वाळूजसारख्या ठिकाणी मुदतीचे मोल मालकाच्या बाजूनेही चढते. महामंडळाकडून दीर्घ मुदतीच्या पट्ट्याने मिळालेल्या भूखंडावर ठरलेल्या अवधीत बांधकाम पूर्ण करावे लागते. न केल्यास मुदतवाढीसाठी शुल्क भरावे लागते. चालू कारखान्याच्या विस्ताराचे काम असेल तर गोष्ट आणखी निकराची होते. यंत्रांचे पाये फोडून नवे घालण्याचे काम वार्षिक देखभालीच्या सुट्टीतच उरकावयाचे असते, आणि सुट्टी संपल्यावर एक दिवस उत्पादन बंद राहिले तर त्या नुकसानीपुढे सबंध बांधकामाचा खर्च किरकोळ वाटावा. अशा कामावर ‘वेळेत पुरे करणारा’ म्हणून ज्याचे नाव झाले, त्याला मालक कंत्राटदाराकडे नावाने मागून घेतो. व्यवस्थापकाच्या हाती वेतनवाढीचे जर काही खरे साधन असेल तर ते हे होय. पदवीचे प्रमाणपत्र त्याखालोखाल येते.

कामाचे आकारमान वाढते तसे वेतन वाढते, परंतु त्याच प्रमाणात नव्हे. उद्योगसंस्थेचा आकार व तिच्या प्रमुखाचे वेतन यांतील संबंध डेव्हिड रॉबर्ट्‌स यांनी १९५६ मध्ये आकडेवारीने दाखविला आणि १९५७ मध्ये हर्बर्ट सायमन यांनी त्याची उपपत्ती मांडली. सायमन यांचे म्हणणे असे की, प्रत्येक वरिष्ठाच्या हाताखाली ठराविक संख्येने कनिष्ठ असतात आणि वरिष्ठाचे वेतन कनिष्ठाच्या वेतनाच्या ठराविक पट असावे अशी रूढी असते. संस्था वाढली की पायऱ्या वाढतात आणि त्या हिशेबाने माथ्यावरचे वेतन वाढते. या संबंधाचा घातांक साधारणपणे एक-तृतीयांशाच्या आसपास आढळतो. म्हणजे आकार आठपट झाला तर वेतन दुप्पट. हे प्रमाण बांधकामाला लावून पाहिले, तर दहा कोटींच्या कामावरील ऐंशी हजार हे ऐंशी कोटींच्या कामावर एक लाख साठ हजार होतात. वर दिलेल्या ढोबळ आकड्यांशी हे बऱ्यापैकी जुळते. सायमन यांची उपपत्ती कारखानदार कंपन्यांना अनुलक्षून आहे हे ध्यानात घेऊनही, जागेवरील साहेब, इंजिनियर, सुपरवायझर, मुकादम, गवंडी, बिगारी ही उतरंड पाहिली म्हणजे ती बांधकामासच अधिक शोभावी असे वाटल्यावाचून राहत नाही.

चौघांपैकी कारखानदाराचा प्रकल्प-अधिकारी या सर्व गणिताबाहेर असतो. मोटारीचे भाग बनविणाऱ्या कारखान्याच्या भांडवलात इमारतीचा हिस्सा यंत्रांच्या मानाने लहान. त्यामुळे इमारतीवर देखरेख करणाऱ्या अधिकाऱ्याचा पगार बांधकामाच्या नफ्यातून निघत नाही. तो कारखान्याच्या वेतनश्रेणीतून निघतो. भविष्यनिर्वाह निधी, वैद्यकीय विमा, बससेवा, उपाहारगृह, सारे कारखान्याच्या कामगारांबरोबर त्यालाही मिळते. सल्लागाराच्या माणसाचे वेतन सल्लागाराच्या शुल्कात मोडते. हे शुल्क पुष्कळदा ‘मनुष्य-महिना’ या मापाने आकारले जात असल्याने त्याच्या श्रमाची किंमत निदान कोठेतरी लिहिलेली असते. सर्वांत अडचणीत चौथा, उपकंत्राटदाराचा. त्याचा धनी स्वतःच मुख्य कंत्राटदाराकडून देयक मिळण्याची वाट पाहत असतो. चालू देयकातून काही टक्के रक्कम दोषदायित्वाच्या मुदतीपर्यंत कापून ठेवली जाते, उरलेली उशिरा येते, आणि या उशिराचा शेवटचा भार पगारावर पडतो. मजुराची हजेरी थकविली तर मजूर दुसऱ्या दिवशी येत नाही. सिमेंटचे पैसे थकविले तर गाडी येत नाही. इन्चार्जचा पगार मात्र दोन महिने थकविता येतो. २०२५ मध्ये राज्यातील कंत्राटदारांच्या संघटनांनी थकित सरकारी देयकांसाठी आंदोलने केली. त्या थकबाकीची चर्चा कंत्राटदारांच्या नावाने झाली, तीमागे थकलेल्या पगारांची झाली नाही.

स्मिथने सांगितलेल्या विश्वासाच्या कारणाचा येथे एक खास मराठवाडी अर्थ आहे. दसरा झाला की या भागातून ऊसतोडणीची टोळी बाहेर पडते. मुकादमाकडून उचल घेतलेली कुटुंबे साखर कारखान्यांच्या वाटेला लागतात. बांधकामाचा ऐन हंगाम, म्हणजे पावसाळ्यानंतरचे आठ महिने, आणि ऊसतोडणीचा हंगाम हे बहुतांशी एकच. त्यामुळे स्थानिक मजूर टिकविणे व कमी पडल्यास बिहार, उत्तर प्रदेश किंवा मध्य प्रदेशातून टोळी आणविणे हे व्यवस्थापकाचे निम्मे काम होऊन बसते. येथेही उचलच चालते. सेंटरिंगच्या मुकादमाला आगाऊ दिलेले दोन लाख व्यवस्थापकाच्या शब्दावर दिलेले असतात; टोळी पळाली तर जाब त्याला द्यावा लागतो. कोणत्याही अभ्यासक्रमात न शिकविले जाणारे हे कौशल्य आहे, आणि कंत्राटदार ते जाणून असतो. पाच मुकादम ज्याच्या शब्दावर येतात असा पदविकाधारक, संगणकावर उत्तम वेळापत्रक आखणाऱ्या पदव्युत्तर अभियंत्यापेक्षा वाळूजच्या मध्यम कंत्राटदाराला अधिक किंमतीचा वाटतो. मोठ्या कंपनीत याच्या उलट घडते. तेथे मजूर पुरविणारा विभाग वेगळा असतो आणि वेळापत्रक, देयके व दावे यांचे लेखी काम करणाऱ्याला बढती लवकर मिळते.

शिक्षणाचे मोल मग काय उरते? ते उरते, परंतु बाजारापेक्षा कंत्राटाच्या अटींमुळे. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाच्या सर्वसाधारण अटींत, कामाच्या रकमेनुसार कंत्राटदाराने अमुक पात्रतेचे व अमुक अनुभवाचे तांत्रिक प्रतिनिधी नेमलेच पाहिजेत असे कलम आहे. नेमले नाहीत तर दरमहा ठराविक रक्कम देयकातून वसूल करण्यात येते. हेतू उत्तम. परंतु अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने या कलमाकडे दुसऱ्या अंगानेही पाहावे. वसुलीची रक्कम म्हणजे अनुपस्थित अभियंत्याची सरकारने ठरविलेली किंमत होय. ती बाजारभावापेक्षा कमी असेल तर अभियंता न नेमणेच कंत्राटदाराला परवडते, आणि जो नेमला जाईल त्याच्या पगाराला तीच रक्कम नकळत कमाल मर्यादा होऊन बसते.

व्यवसायाच्या प्रवेशद्वाराशीही राखण नाही. वास्तुशास्त्रज्ञांसाठी १९७२ चा अधिनियम आहे व नोंदणीवाचून कोणी स्वतःस वास्तुशास्त्रज्ञ म्हणवून घेऊ शकत नाही. स्थापत्य अभियंत्यांसाठी देशव्यापी असा कायदा नाही. संरचना-अभियंता किंवा पर्यवेक्षक म्हणून स्थानिक प्राधिकरणाचा परवाना लागतो तेवढाच. परिणामी पदविका, पदवी, आणि नुसत्या अनुभवावर तयार झालेला माणूस हे तिघेही एकाच जागेसाठी उभे राहतात. अमेरिकेत मे २०२३ च्या सरकारी आकडेवारीनुसार बांधकाम-व्यवस्थापकाचे मध्यक वार्षिक वेतन १,०४,९०० डॉलर व स्थापत्य अभियंत्याचे ९५,८९० डॉलर होते. म्हणजे काम करवून घेणारा हा आकडेमोड करणाऱ्यापेक्षा सुमारे नऊ टक्क्यांनी वर. तेथेही रस्ते-पुलांसारख्या अवजड कामांवर वेतन अधिक व घरबांधणीत कमी असा क्रम आहे. वाळूजमध्ये हाच क्रम दिसतो : कारखान्याचे काम वर, चार मजली सदनिकांचे काम खाली.

घरबांधणीत मात्र अलीकडे जबाबदारी वाढली आहे. स्थावर संपदा अधिनियम, २०१६ नुसार ग्राहकांकडून घेतलेल्या रकमेपैकी ७० टक्के रक्कम वेगळ्या खात्यात ठेवावी लागते, आणि ती काढावयाची तर काम किती झाले याचे अभियंत्याचे प्रमाणपत्र लागते. ताबा दिल्यापासून पाच वर्षांपर्यंत संरचनेतील दोष बांधणाऱ्याने निस्तरावयाचे असतात. सहीचे वजन वाढले. सहीचा मोबदला त्या मानाने वाढला आहे असे म्हणण्यास फारसा आधार नाही.

स्थळाचा परिणाम अधिक गुंतागुंतीचा आहे. पुण्या-मुंबईपेक्षा येथील वेतन कमी असते, आणि राहणीचा खर्चही कमी असतो, एवढ्याने हा प्रश्न संपत नाही. समृद्धी महामार्ग जिल्ह्यातून गेला. नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी व संपूर्ण ७०१ किलोमीटरचा मार्ग ५ जून २०२५ रोजी खुला झाला. तो बांधला जात असताना सर्वेक्षक, प्रयोगशाळा-तंत्रज्ञ, बिलिंग अभियंता यांना मागणी होती. रस्ता झाला आणि ती मागणी रस्त्यानेच पुढे गेली. मोठी कंपनी वरची माणसे आपल्याबरोबर आणते व आपल्याबरोबर नेते. स्थानिक माणूस मधल्या पायरीवर घेतला जातो आणि काम संपताच त्याच्यापुढे दोनच वाटा असतात. गाव सोडावे, किंवा पगार सोडावा. ज्याने गाव सोडले त्याच्या वेतनाची चढती कमान दिसते. ज्याने मुलांच्या शाळेसाठी, आईवडिलांसाठी किंवा शेतीसाठी वाळूज सोडले नाही, त्याचे वेतन दहा वर्षांनंतर महागाईच्या मागे पडलेले आढळते. अर्थात नव्या मागणीची चिन्हेही आहेत. दिल्ली-मुंबई औद्योगिक पट्ट्यातील शेंद्रा-बिडकीन ही नगरी आकार घेत आहे, आणि २०२४ मध्ये टोयोटा किर्लोस्कर मोटरने येथील प्रकल्पासाठी राज्य शासनाशी सामंजस्य करार केला. अशा कारखान्यांच्या शेड आता बहुतांशी पूर्वरचित पोलादी सांगाड्याच्या असतात. सांगाडा दुसरीकडे तयार होतो, येथे क्रेनने उभारून बोल्ट आवळावयाचे. काम वर्षाऐवजी पाचसहा महिन्यांत संपते. काळ्या मातीतला पाया तेवढा पूर्वीइतकाच वेळखाऊ राहिला आहे. व्यवस्थापकाचे मासिक वेतन अशा कामावर चढे असते, पण वर्षातून दोनदा नवे काम शोधावे लागते.

नोकरीच्या या तुटकपणाचा कायद्याशी असलेला संबंध पाहण्यासारखा आहे. उपदानाच्या कायद्यानुसार सलग पाच वर्षे सेवा झाल्याखेरीज उपदानाचा हक्क उत्पन्न होत नाही. पाच झाल्यास प्रत्येक वर्षामागे पंधरा दिवसांचे वेतन, सव्वीस दिवसांचा महिना धरून, मिळते. प्रकल्प दोन-तीन वर्षांत संपतात. कंत्राटदार बदलत वीस वर्षे काम केलेल्या व्यवस्थापकाच्या हाती उपदानाचा एक रुपयाही नसणे त्यामुळे शक्य होते. साठ हजारांच्या अंतिम वेतनावर एकाच धन्याकडे वीस वर्षांचे हे उपदान सुमारे सात लाख होते. तेवढे त्याने गमावलेले असते. इमारत व इतर बांधकाम कामगार अधिनियम, १९९६ अमलात असताना बांधकामाच्या खर्चावर एक टक्का उपकर गोळा होत असे, त्यातून कामगारांच्या कल्याणाच्या योजना चालत; परंतु व्यवस्थापकीय काम करणारा, तसेच १,६०० रुपयांपेक्षा अधिक वेतन घेणारा पर्यवेक्षक, त्या अधिनियमातील ‘कामगार’ या व्याख्येतून वगळलेला होता. १,६०० ही रक्कम आजच्या कोणत्याही पर्यवेक्षकाच्या चार-पाच दिवसांच्या पगाराहून फारशी अधिक नाही. औद्योगिक संबंध संहिता, २०२० मध्ये पर्यवेक्षकासाठी ही सीमा १८,००० रुपयांची आहे, आणि बोनसचा हक्क २१,००० रुपयांशी थांबतो. म्हणजे नवा अभियंता पहिल्याच एक-दोन वेतनवाढींत एकेक संरक्षण मागे टाकीत जातो, आणि त्या बदल्यात वाटाघाटीचे कोणतेही सामुदायिक साधन त्याच्या हाती येत नाही. सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्ये नियत मुदतीच्या नेमणुकीवरील कर्मचाऱ्यास सेवेच्या प्रमाणात उपदान देण्याची तरतूद आहे. तिचा लाभ मिळण्यासाठी नेमणूक लेखी व मुदत नमूद केलेली असावी लागते. ज्याची नेमणूक तोंडी झाली आणि पगाराचा काही भाग रोखीने मिळतो, त्याला ती तरतूद दाखवून उपयोग नाही.

पन्नाशीच्या सुमारास यांपैकी पुष्कळ जण नोकरी सोडून स्वतः कंत्राट घेऊ लागतात. त्यासाठी लागणारे भांडवल थोडे असते. मुकादमांची ओळख, दोन-तीन कारखान्यांतील प्रकल्प-अधिकाऱ्यांचा विश्वास आणि सिमेंटच्या व्यापाऱ्याकडील उधारी एवढ्यावर ते उभे राहतात. तरुण वयात हीच वाट धरणाऱ्यांसाठी राज्य शासनाने लहान सरकारी कामांपैकी काही सुशिक्षित बेरोजगार अभियंत्यांस, काही मजूर सहकारी संस्थांस व उरलेली खुल्या कंत्राटदारांस देण्याची पद्धत ठेविली आहे. वाट कोणतीही असो, कंत्राटदार झालेल्या या व्यवस्थापकाला पहिल्या निविदेत दर किती खाली उतरवावयाचा हे ठरवावे लागते, आणि उतरलेला दर भागविण्यासाठी जागेवर किती पगाराचा इन्चार्ज ठेवावयाचा हेही त्यालाच ठरवावे लागते.